दोनदा दाबायचा ब्रेक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला नाही. आई तर गेली. पण तिला सांगायचं राहून गेलं असंही म्हणता येत नाही, कारण सांगायचं माझ्या मनातच नव्हतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर तुम्हीही तेच म्हणाला असता जे आष्ट्यात सगळे म्हणतात, की सरांनी भावाला किती समजून घेतलं.

ते वाक्य ऐकलं की मी खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो.

आधी गाडीचं सांगतो. मोठी गाडी, सात माणसं बसतील अशी, डिझेलवरची. माधवनगरच्या एका ठेकेदाराकडून घेतली, मी तिसरा मालक. बारा वर्षं वापरलेली गाडी आणि किलोमीटरचा आकडा असा, की जणू ती फक्त लग्नकार्यालाच बाहेर काढत होते. आकडा मागे फिरवलाय हे मला तेव्हाही कळत होतं. पण गाडी हवी होती. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. वीस वर्षं मोटारसायकलवर काढली, आणि माझ्या मागून नोकरीला लागलेले मास्तर चारचाकीतून शाळेत यायला लागले होते. एवढंच कारण. घरात मात्र मी सांगितलं की आईला दवाखान्यात न्यायला बरी पडेल. बघा—सुरुवातच खोटी होती.

दादानं आधीच नको म्हटलं होतं. दादा म्हणजे हणमंत, माझ्याहून सहा वर्षांनी थोरला. फौजेत ड्रायव्हर होता. बावीस वर्षं ट्रक चालवला, त्यातली कितीतरी बर्फातल्या घाटांत, आणि गाडीला कधी साधा ओरखडा नाही. गावात तो ह्याच गोष्टीसाठी ओळखला जायचा. निवृत्त होऊन नुकताच आला होता, म्हणून मीच त्याला गाडी बघायला माधवनगरला नेलं. त्यानं जमिनीवर पोतं अंथरलं, गाडीखाली शिरला, बराच वेळ खाली होता. बाहेर आला, हात झटकले आणि त्या ठेकेदाराच्या तोंडावर मला म्हणाला, "बाळू, ही गाडी न्हाई, दुखणं हाय. इकत घिऊ नगंस."

ठेकेदार हसला. दोन माणसं तिथं उभी होती, तीही हसली.

मी त्याच दिवशी गाडी घेतली. दादानं हेच मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर घेतली असती का? मला माहीत नाही असं लिहिणार होतो. माहीत आहे. नसती घेतली.

मग सुरू झालं दुखणं. पहिल्याच महिन्यात स्टार्टर गेला. थंडीत गाडी सकाळी उठायचीच नाही, आणि उठली की एवढा धूर करायची की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. रेडिएटर गळायला लागला. तो झाला तर क्लच. मागचं दार बाहेरून उघडायचं बंद झालं, ते तसंच राहू दिलं. सांगली रस्त्यावर मुबारक मिस्त्रींचं गॅरेज आहे. शाळा सुटली की मी तिथं स्टुलावर बसलेला असायचो. घरी सांगायचो, शाळेत मीटिंग होती. मनीषानं—माझ्या बायकोनं—एकदाच बजावलं होतं की आता पुन्हा ही गाडी गॅरेजला गेली तर तिकडूनच विकून या. आणि दादा भेटला की विचारायचा, काय म्हणती गाडी? मी म्हणायचो, सुतासारखी सरळ झालीय.

म्हणजे दोन माणसांपुढं मला ती गाडी चांगली ठरवायची होती. तिसरं माणूस मी स्वतः.

ब्रेकचं लक्षात आलं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. इस्लामपुरात गर्दीत थांबलो होतो, पाय ब्रेकवर होता, आणि पेडल हळूहळू खाली बसायला लागलं, ओल्या मातीत पाय रुतावा तसं. पाय उचलला, पुन्हा दाबलं तर घट्ट. काहीच झालं नसल्यासारखं. मुबारक मिस्त्रींनी गाडी बघितली, चालवून आणली आणि हात पुसत माझ्यासमोर बसले. ते फार बोलणारे नाहीत. म्हणाले, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधली रबरं गेलीत, आतल्या आत दाब सुटतोय. वरून काही दिसायचं नाही, ब्रेक ऑइलही कमी व्हायचं नाही, दहा वेळा नीट लागेल. "पर अकराव्या वक्ताला पाय दाबाल सर, आन खाली कायच नसंल."

सामान सांगलीहून यायचं होतं, चार दिवस गाडी ठेवा म्हणाले. चार दिवस म्हणजे मनीषाला कळणार. मी म्हणालो, मे महिन्यात ती माहेरी गेली की आणतो. ते म्हणाले, तोवर गाडी बाहेर काढू नका. मी हो म्हणालो.

मी रोज काढली. दोनदा दाबायचा, झालं. पहिल्यांदा दाब भरायला, दुसऱ्यांदा थांबायला. आठ दिवसांत पायाला सवय झाली, ध्यानातही राहिना. उलट—हे सांगायला लाज वाटते—मला त्याची थोडी फुशारकीच वाटायची. ही गाडी फक्त मलाच चालवता येते, असली. आणि मी कोण? तर मुलांना द्रवाचा दाब शिकवणारा मास्तर. दर वर्षी फळ्यावर पेडल, दट्ट्या, नळी, चाक अशी आकृती काढतो आणि सांगतो, इथं दाबलं की तिथं पोचतं. आजही काढतो. अभ्यासक्रमात आहे, टाळता येत नाही.

इथवर मी फक्त मूर्ख होतो. मूर्खपणाला कबुली लागत नाही.

दादाच्या मुलीसाठी म्हसवडचं स्थळ आलं होतं. मुलाचं घरदार बघायला जायचं, तर तीन-चार माणसं हवीत, म्हणून त्यानं माझ्याकडे गाडी मागितली. दादानं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. ज्या गाडीला दुखणं म्हणाला, तीच मागत होता, आणि मागताना थोडा अडखळला. मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही. मी आदल्या दिवशी दोन तास खपून गाडी धुतली, आतून पुसली, काचा चकाचक केल्या. ब्रेकचा विचारही मनात आला नाही असं म्हणू का? आला होता. चाकं धुताना आला होता.

सकाळी तो, शालन वहिनी आणि आमचे एक मामा असे आले. दादानं सवयीप्रमाणे गाडीभोवती चक्कर मारली. टायर दाबून बघितले. बॉनेट उघडून ऑइल, पाणी बघितलं, ब्रेक ऑइलही बघितलं, ते भरलेलंच होतं. आत बसून पेडल दाबलं, सकाळच्या गारव्यात ते दगडासारखं घट्ट. वहिनींना चहा द्यायला मनीषा दारात उभी होती. दादा उतरला, बॉनेटवर हात ठेवला आणि मला विचारलं,

"काय खोड हाय का रं गाडीला? असली तर सांग. मला ठावं असलं की झालं."

मी म्हणालो, "मागचं दार तेवढं आतनंच उघडतं. बाकी काय न्हाई."

मागचं दार. मी त्याला मागचं दार सांगितलं.

का? मी इतकी वर्षं ह्या एका ठिकाणी येऊन थांबतो. मनीषा समोर होती म्हणून? दादासमोर हरायचं नव्हतं म्हणून? की वाटलं, बर्फात ट्रक चालवलेला माणूस, त्याला कळेल आपोआप? हे शेवटचं मी नंतर स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की तेच खरं वाटायला लागलं होतं. पण त्या क्षणी मी असं काही म्हटलं नव्हतं मनात. दादा बॉनेटवर थाप मारून "बरी ठेवलीयस" म्हणाला, आणि मी ते ऐकत होतो. तेवढंच. दोन शब्दांचं काम होतं: दोनदा दाब.

दुपारी चारच्या सुमाराला फोन आला. परत येताना विट्याच्या अलीकडं उतारावर पुढं एक ट्रॅक्टर आडवा आला होता. मी शाळेतल्या एका मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. गाडी रस्त्याकडेच्या बाभळीत घुसली होती, डावीकडून पार चेपलेली. वहिनींना आणि मामांना लोकांनी आधीच दुसऱ्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. मामांना खरचटलं होतं. वहिनी डाव्या बाजूला पुढं बसल्या होत्या.

दादा एकटा जवळच्या पुलाच्या कठड्यावर बसला होता. वहिनींबरोबर का गेला नाहीस, मी विचारलं, तर म्हणाला, गाडी तुझी हाय, टाकून कसा जाऊ. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, त्याचं नव्हतं. तो स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होता. चप्पल काढून ठेवली होती आणि अनवाणी पावलाकडे बघत होता. मग वर न बघता म्हणाला,

"पेडल खालीच गेलं रं. ब्रेक बरा हुता नव्हं गाडीचा?"

आता सांगतो. ह्यासाठीच एवढं फिरून आलो.

मी म्हणालो, "ब्रेक चांगला होता, दादा. काल सांजच्याला मीच चालवली की."

त्यानं मान हलवली. दोन-तीनदा हलवली. "मग पायच चुकला माजा," म्हणाला.

सकाळचं एक वेळ भ्याडपण म्हणा, पण हे तसं नव्हतं. माझ्याकडे वेळ होता. मोटारसायकलवर मागं बसून मी पाऊण तास हाच विचार करत आलो होतो की त्यानं विचारलं तर काय सांगायचं. उत्तर तयार होतं.

पुढचं सगळं मग त्या उत्तराला शोभेल असं केलं. चेपलेली गाडी क्रेनवर घालून सांगलीला नेली, मुबारक मिस्त्रींकडे नाही. सांगलीच्या गॅरेजवाल्याला म्हटलं, ब्रेकचंही सगळं नवं टाका, आता भीती बसलीय. तो म्हणाला, बरोबर आहे. जुना मास्टर सिलिंडर इतर भंगाराबरोबर गेला. मुबारक मिस्त्री वहिनींना बघायला दवाखान्यात आले होते, येताना शहाळी घेऊन आले. मला जिन्यात गाठून हळू आवाजात त्यांनी विचारलं, सर, ते रबराचं काम करून घेतलं होतं ना? मी म्हणालो, हो, सांगलीत घेतलं होतं. ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि बरं म्हणाले. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे गाडी नेलेली नाही. रस्त्यात दिसले तर अजून हात वर करतात.

वहिनींच्या डाव्या पायात सळई घातली. गुडघा पुन्हा नीट वाकलाच नाही. त्या जमिनीवर बसून भाकरी थापायच्या, त्या आता उभ्याने करतात, एका पायावर भार देऊन. कधी तक्रार नाही. नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत, हेही गावात कौतुकाचं झालं. म्हसवडच्या लोकांनी यंदा राहू द्या असा निरोप पाठवला. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, की मिलिट्रीचा माणूस, दोन पेग मारले असतील. दादा दारूला शिवत नाही. हे मी चार ठिकाणी ठणकावून सांगितलं—बघा, तेवढं धाडस मला होतं.

आणि मग तो दिवस. वहिनी घरी आल्या त्यानंतरच्या रविवारी दादाच्या वस्तीवर सगळे जमलो होतो. आई होती, मामा होते, भावकीतले चार लोक होते. जेवणं झाल्यावर दादा उठून माझ्यापुढं आला आणि त्यानं हात जोडले. सहा वर्षांनी थोरला भाऊ. म्हणाला, "बाळू, तू भरवशानं गाडी दिलीस आन मी ती झाडावर घातली. शालनचं तर काय मी आता फेडू शकत न्हाई. पण तू मला माफ कर."

मी त्याचे हात धरले. म्हणालो, असू दे दादा, गाडी काय, लोखंड आहे. माणसं वाचली.

मी त्याला माफ केलं. सगळ्यांसमोर. आईनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. ती हे मरेपर्यंत लोकांना सांगत राहिली. मी तिला थांबवलं नाही.

जूनपासून दादा एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागणार होता, सगळं ठरलं होतं. तो स्वतः जाऊन नको म्हणून आला. ज्याचा पाय चुकतो त्यानं दुसऱ्याची पोरं घेऊन रस्त्याला लागू नये, असं म्हणाला. लायसन ट्रंकेत टाकलं. त्यानंतर त्यानं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. स्वतःच्या शेतात ट्रॅक्टर लागला तर दुसऱ्याला बोलावतो आणि बांधावर उभा राहतो. आता एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहून घेतो.

एकदा वहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "भावजी, ह्ये खुर्चीत बसून डोळं मिटून पाय हलवत्यात. हिकडनं तिकडं. रोज." मला पटकन कळलं नाही. मग कळलं. तो आपला पाय तपासत होता. कुठं चुकला ते शोधत होता.

वहिनींच्या सांगण्यावरून मी त्याला मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्याच गाडीतून. पुढच्या सीटवर, जिथं वहिनी बसल्या होत्या तिथं तो बसला होता. डॉक्टरांनी पाय, नसा, पाठ, सगळं तपासलं. म्हणाले, काही दोष नाही. ठणठणीत आहे. दादा मात्र ऐकून खचला. काहीतरी निघालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. परतताना म्हणाला, म्हणजे रोग बी न्हाई, नुसती चूकच. मी समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होतो. सांगलीचा पूल येईपर्यंत पुष्कळ वेळ होता. मी बोललो नाही.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. थंडीत अजून उठत नाही, अजून धूर करते. विकत का नाही असं लोक विचारतात. ब्रेक मात्र तिचे उत्तम आहेत, एकदा दाबला की जागेवर थांबते.

माझी मुलगी अनुजा ह्या वर्षी अठरा वर्षांची झाली. ह्याच गाडीवर शिकली, पक्कं लायसन मिळालं, तर मी म्हटलं काकांच्या पाया पडून ये. गाडी तिनंच चालवत नेली. दादा अंगणात बसला होता. त्यानं तिला समोर बसवलं, वहिनींनी तिच्या हातावर साखर ठेवली. मी शेजारच्या बाजेवर चहा पीत होतो. दादा तिला म्हणाला,

"पोरी, येक ध्येनात ठेव. गाडी कवा खोटं बोलत न्हाई. चुकतो त्यो माणूस. मला बावीस वरसांची लय मिजास हुती, आन एका उताराला पाय चुकला. तुज्या काकूचा जन्माचा पाय गेला. तवा चूक झाली तर गाडीवर ढकलायची न्हाई. आपली म्हणायची."

अनुजा खाली मान घालून ऐकत होती. वहिनी आत निघून गेल्या, तो पाय ओढत. मी कपातला चहा संपवला. दादानं माझ्याकडे बघितलं, जणू बरोबर बोललो का रं, असं विचारल्यासारखं. मी मान डोलावली.

परत येताना अनुजाच चालवत होती. ओढ्याच्या पुलाजवळ तिनं गाडी हळू केली आणि विचारलं, "पप्पा, काकांचा खरंच पाय चुकला होता?"

मी म्हणालो, हो. चुकला होता.